कास्कारा : एका सालीची पाळंमुळं

शेंगेचं टरफल, नारळाची करवंटी, केळ्याची साल, भाताचं तूस. आतला जिन्नस बदलला की मराठीत आवरणाचं नावही बदलतं. टिळकांच्या वर्गात शेंगांच्या 'साली' पडल्या होत्या असं म्हटलं तर गोष्टच बिघडेल. इंग्रजीचंही तसंच आहे. म्हणून स्पॅनिशमधला 'कास्कारा' हा शब्द इंग्रजीत नेताना आधी विचारावं लागतं, कशाचा? अंड्याचा किंवा अक्रोडाचा असेल तर शेल, संत्र्याचा असेल तर पील, धान्याचा असेल तर हस्क. स्पॅनिश माणूस या सगळ्यांना एकाच शब्दात गुंडाळतो. पावाचा वरचा कडक थर मात्र त्यात बसत नाही. त्याला 'कोर्तेसा' म्हणतात. झाडाच्या सालीलाही एरवी हाच शब्द चालतो.

'कास्कारा' आला 'कास्कार' या क्रियापदावरून. अर्थ, तडकवणे, फोडणे. त्याच्या मुळाशी लॅटिन 'क्वासारे', म्हणजे जोरात हलवणे, मोडून टाकणे. थोडक्यात, हा शब्द झाकण्यावरून नव्हे, फोडण्यावरून पडला. अक्रोड डोळ्यांसमोर आणला की हे पटतं. केळ्याला तो पुढे कधीतरी चिकटला असावा. गंमत अशी की याच लॅटिन मुळापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीचा 'स्क्वॉश' निघाला. आपण बाटलीतून ओततो ते ऑरेंज स्क्वॉश आणि टोपलीत टाकतो ती संत्र्याची साल, दोघांच्या नावाचं घराणं एकच!

इंग्रजीत हा शब्द भाषांतर न होता तसाच शिरला तो औषधाच्या दुकानातून, आणि तोही झाडाच्या सालीसाठी. 'कास्कारा' शब्दाला स्पॅनिशमध्ये तोही जुना अर्थ आहेच. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या एका झाडाची साल तिथले मूळ रहिवासी रेचक म्हणून वापरत. स्पॅनिश भाषकांनी तिला 'कास्कारा साग्रादा', म्हणजे पवित्र साल, म्हटलं. (बद्धकोष्ठाने गांजलेल्या माणसाला या विशेषणात अतिशयोक्ती वाटणार नाही.) १८७०च्या दशकाअखेर ती अमेरिकी डॉक्टरांच्या वापरात आली आणि पुढे घरोघरी पोचली. २००२ साली मात्र तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून तिला वगळलं, कारण सुरक्षिततेची पुरेशी माहिती उत्पादकांनी दिली नव्हती.

त्याआधीच दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत या शब्दाचं धाकटं रूप 'कास्कारीया' सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीला मिळालं होतं. ती गोळा करत जंगलं तुडवणारे ते 'कास्कारीयेरो'. याच सालीतून १८२० साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या रसायनतज्ज्ञांनी क्विनीन वेगळं केलं. क्विनीनचं नाव 'किना'वरून आलं, आणि अँडीजमधल्या केचुआ भाषेत त्याचाही अर्थ साल असाच सांगतात. आपल्या आजी-आजोबांनी तापात तोंड वाकडं करत गिळलेलं कोयनेल ते हेच.

अलीकडे कॉफीच्या फळाच्या वाळवलेल्या सालीचा काढा 'कास्कारा' नावाने कॅफेत मिळू लागला आहे. येमेनमध्ये तो 'किश्र' म्हणून पूर्वापार पितात. युरोपीय संघाने या वाळल्या सालींना २०२२ साली परवानगी दिली. तेव्हा इंग्रजी यादीत नुसतं 'कास्कारा' दिसलं तर ती यादी कॅफेची आहे की औषधाच्या दुकानाची, हे पाहूनच मागवावं.