बडतर्फीआधीची चौकशी: मामलेदारांपासून फायरमनपर्यंत

अग्निशमन दलातल्या कुणाला नोकरीवरून काढलं की पहिलं नाव निघतं ते राज्यघटनेच्या कलम ३११ चं, म्हणजे चौकशी करून म्हणणं ऐकल्याशिवाय नोकराला बडतर्फ करू नये, या तरतुदीचं. गंमत अशी, की मुंबईच्या फायरमनला ते लागूच होत नाही. ते कलम केंद्र किंवा राज्य सरकारच्या नागरी सेवकांसाठी आहे आणि मुंबईचं दल महापालिकेचं. दिल्लीचं दल १९९४ साली महापालिकेकडून दिल्ली सरकारकडे गेलं, म्हणून तिथल्या जवानाला मात्र त्याचं कवच आहे. ही विसंगती कुठून आली ते पाहायचं तर कंपनी सरकारपर्यंत मागे जावं लागतं.

सरकारी नोकर राजाच्या मर्जीवर, हे तत्त्व इंग्रजांनी सोबत आणलं. पण बड्या अधिकाऱ्यावर बालंट आलं तर त्याची रीतसर छाननी व्हावी, यासाठी १८५० मध्ये लोकसेवक चौकशी कायदा झाला. लेखी आरोप, साक्षी, उलटतपासणी, बचाव हे सगळं त्यात आहे. आजच्या विभागीय चौकशीचा सांगाडा तोच.

महाराष्ट्रात हा कायदा गाजला तो १८८८ च्या क्रॉफर्ड प्रकरणात. ज्याच्या नावाचं मार्केट मुंबईत आहे तोच हा आर्थर क्रॉफर्ड, मुंबईचा माजी म्युनिसिपल कमिशनर आणि तेव्हा पुण्यात मध्य विभागाचा आयुक्त. बढती-बदलीसाठी मामलेदारांकडून पैसे खाल्ल्याचा आरोप झाला. लाच सिद्ध झाली नाही असं त्याच्यासाठी बसलेल्या चौकशी आयोगाने म्हटलं. पण हाताखालच्या मुलखात कर्जं काढल्याबद्दल त्याला नोकरी सोडावी लागली. खरी कुचंबणा मामलेदारांची झाली. अभय देतो म्हणून सरकारने त्यांच्याकडून साक्षी काढल्या, आणि मग ‘लाच देणारे अधिकारी खुर्चीवर कसे?’ म्हणून विलायतेत ओरड झाली. टिळकांनी त्यांची बाजू लावून धरली. साहेबासाठी आयोग बसला, मामलेदारासाठी नाही. मला या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

खालच्या नोकरांना कायद्याचा आधार मिळाला तो फार उशिरा. ज्याने नेमलं त्याच्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, एवढं १९१९ च्या भारत सरकार कायद्याने मान्य केलं. चौकशीचे नियमही झाले. पण मद्रासच्या सरकारी छापखान्यातल्या व्यंकट राव यांनी ते मोडल्याची तक्रार केली तेव्हा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की या नियमांसाठी कोर्टात दाद नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने ‘म्हणणं मांडण्याची वाजवी संधी’ थेट कलमातच घातली, आणि घटनेने ती ३११ मध्ये घेतली. आधी अशी संधी दोनदा मिळे, एकदा आरोपांवर, एकदा शिक्षेवर. दुसरी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने गेली.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत. निलंबन, निर्वाह भत्ता, मग दोषारोपपत्र. त्याला चार जोडपत्रं: दोषारोप, त्यांचा तपशील, कागदपत्रांची यादी, साक्षीदारांची यादी. पुढे चौकशी अधिकारी, प्रशासनाची बाजू मांडणारा सादरकर्ता अधिकारी, कर्मचाऱ्याला मदत करणारा बचाव सहायक. कितीतरी बडतर्फ्या कोर्टात पडतात त्या गुन्हा घडला नाही म्हणून नव्हे, तर यादीतला एखादा कागद दिलाच नाही किंवा साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत म्हणून. चौकशी अहवालाची प्रत कर्मचाऱ्याला द्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाला १९९० मध्ये रमझान खान खटल्यात सांगावं लागलं. १९९३ च्या करुणाकर निकालाने त्यात भर घातली: प्रत न मिळाल्याने नुकसान काय झालं, तेही दाखवा.

चौकशीशिवाय काढण्याची वाटही ३११ मध्येच आहे: फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झाली असेल, चौकशी करणं व्यवहार्य नसेल किंवा राज्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर. १९८५ च्या तुलसीराम पटेल निकालाने ही वाट पक्की केली. २०२१ मध्ये मुंबईचे पोलीस अधिकारी सचिन वाझे बडतर्फ झाले ते याच तरतुदीखाली. चौकशी ‘व्यवहार्य नाही’ हे ठरवणार साहेब, आणि कारण तेवढं लेखी नोंदवायचं. सोयीची पळवाट होण्याचा धोका इथेच आहे.

आता फायरमन. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातलं कलम ८३ बेशिस्त, हलगर्जी, नालायकी अशा कारणांवरून दंडापासून बडतर्फीपर्यंत अधिकार देतं. इतर महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कलम ५६ ने कारण दाखवण्याची संधी सक्तीची केली. पण पालिकेच्या जवानाला मोठा आधार मिळाला तो नागपुरातून. नागपूर महापालिकेच्या खटल्यात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालिकेचा एकेक विभाग तपासला आणि अग्निशमन विभागालाही ‘उद्योग’ ठरवलं, म्हणजे तिथल्या नोकरांना कामगार कायदे लागू झाले. त्यामुळे सरकारी कर्मचारी जिथे १९९१ पासून प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे ‘मॅट’मध्ये जातो, तिथे पालिकेचा फायरमन कामगार न्यायालयाचं दार ठोठावू शकला.