रेंज फुल, नेट गुल: दोष पत्त्याचा की गेटवेचा?

गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या घराघरांत एक तक्रार हमखास कानावर येते : "वायफाय लागला, पण नेट चलना नाय." फोनवर वायफायची खूण पूर्ण भरलेली असते, पासवर्ड बरोबर असतो, आणि तरी आरतीचा फोटो व्हॉट्सॲपवर अडकून बसलेला असतो. मग कुणीतरी उठून राऊटर बंद करून परत चालू करतं. कधी त्याने काम होतं, कधी होत नाही. झालं तर का झालं ते कळत नाही, आणि नाही झालं की केबलवाल्याला फोन जातो. ऐन सणात तो गावोगाव खांबांवर चढलेला असतो.

वायफायची खूण भरलेली आहे म्हणजे फोन आणि राऊटर यांच्यातली रेडिओलहर चांगली आहे, एवढंच. त्यापुढे आणखी दोन गोष्टी जमाव्या लागतात. फोनला स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळखक्रमांक, मिळायला हवा आणि घराबाहेर जाण्याचा रस्ता, म्हणजे डीफॉल्ट गेटवे, ठाऊक असायला हवा. दोन्ही आकडे फोनमध्ये लिहिलेले असतात. अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर किंवा शेजारच्या दातेरी चाकावर बोट ठेवा. आयफोनवर निळ्या गोलातल्या 'आय'वर ठेवा, तिथे गेटवेला 'राऊटर' म्हटलेलं असतं. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप करा. राऊटरला हात लावण्याआधी हे दोन आकडे कागदावर उतरवून घ्यावेत असा माझा आग्रह आहे. बंद-चालू केलं की पुरावा पुसला जातो.

हे आकडे फोनला देतो डीएचसीपी, म्हणजे नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटण्याची ठरलेली पद्धत. त्याचं पहिलं प्रमाणपत्रक, म्हणजे नियम लिहिलेला दस्तऐवज, १९९३ साली निघालं, आणि आज वापरात असलेलं मार्च १९९७चं आहे. ते अमेरिकेतल्या बकनेल विद्यापीठातल्या राल्फ ड्रोम्स यांनी लिहिलं. त्याआधी अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रात पत्ता हाताने भरावा लागे. डीएचसीपीमध्ये चार निरोपांत काम उरकतं. नुकत्याच जोडलेल्या फोनला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून तो ०.०.०.० या पत्त्यावरून २५५.२५५.२५५.२५५ला, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांनाच, ओरडून विचारतो : पत्ता देणारं कुणी आहे का? राऊटर एक पत्ता देऊ करतो. फोन तो मागून घेतो. राऊटर 'दिला' म्हणून शिक्कामोर्तब करतो. याच पोतडीतून सबनेट मास्क (आपल्या नेटवर्कची हद्द सांगणारा आकडा), गेटवे, डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारा) आणि पत्त्याची मुदतही येते. पत्ता कायमचा नसतो, ठरावीक तासांसाठी दिलेला असतो. निम्मी मुदत सरली की फोन आपणहून ती वाढवून मागतो.

आता गेटवे. समजा तुमचा पत्ता १९२.१६८.१.३७ आहे आणि मास्क २५५.२५५.२५५.०. याचा अर्थ, ज्यांच्या पत्त्यातले पहिले तीन आकडे तुमच्यासारखेच आहेत ते सगळे तुमच्याच गावातले. त्यांच्याशी थेट बोलायचं. बाकी सारं जग खाडीपलीकडे. धोपाव्याहून दाभोळला जायचं तर धक्क्यावर येऊन फेरीबोट धरावी लागते, तसं बाहेरच्या कुठल्याही पत्त्यासाठी निघालेलं माहितीचं पाकीट गेटवेच्या हवाली करावं लागतं. तुम्हाला धक्का भलताच सांगितला गेला, तर तिथे कितीही वेळ उभे राहा, बोट लागणार नाही. वायफाय पूर्ण, पत्ताही छान, तरी नेट नाही, हा अनुभव बहुतेकदा याच जातीचा असतो.

पण आधी सोपं प्रकरण. आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर तो कुणी दिलेला नाही. विचारून विचारून उत्तर आलं नाही, म्हणून यंत्राने तो स्वतःच स्वतःला लावून घेतला आहे. विंडोज आणि ॲपलची यंत्रं असं करतात. अँड्रॉइड असा पत्ता घेत नाही, ते 'आयपी पत्ता मिळवत आहे' म्हणत राहतं आणि शेवटी जोडणी सोडून देतं. असा पत्ता दिसला की नेटचं बिल, डीएनएस, ब्राउझर यांतलं काही तपासू नका. प्रश्न एकच असतो : डीएचसीपीचं उत्तर का आलं नाही? दुसऱ्या एखाद्या यंत्राला पत्ता मिळतोय का ते बघा. मिळत असेल तर दोष तुमच्या यंत्रात किंवा त्याच्या तारेत आहे. कुणालाच मिळत नसेल तर राऊटरकडे जा.

किनाऱ्यावर तारेचा संशय आधी घ्यावा. खाऱ्या हवेने लॅनच्या, म्हणजे घरातली यंत्रं राऊटरला जोडणाऱ्या, तारेच्या टोकाकडच्या पिना गंजतात, आणि पावसाळ्यात हे वेगाने होतं. प्लास्टिकच्या पारदर्शक टोकातून उजेडात नीट पाहिलं तर हिरवट थर दिसतो. वीज कडाडली की आणखी एक प्रकार होतो : राऊटर मरत नाही, त्याचं एखादंच लॅन पोर्ट मरतं. तार घातली तरी शेजारचा दिवा लागत नाही. तीच तार शेजारच्या पोर्टात घालून बघायला अर्धा मिनिट पुरतो.

वीज जाण्या-येण्याने पत्त्यांचा जो घोळ होतो त्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. वीज आली की संगणक चटकन सुरू होतो, फायबरचा डबा आणि राऊटर यांना उठायला वेळ लागतो. संगणक विचारतो तेव्हा उत्तर द्यायला कुणी जागं नसतं, म्हणून तो १६९.२५४चा पत्ता लावून बसतो. विंडोज दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं, त्यामुळे थोडं थांबलं तर आपोआप सुरळीत होतं. घाई असेल तर 'आयपीकॉन्फिग' लिहून पुढे 'स्लॅश रिन्यू' द्यावं.

उलटा प्रकार जास्त त्रासाचा. दुकानातला संगणक आणि नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारा स्विच इन्व्हर्टरवर आहेत, राऊटर नाही. वीज गेली, राऊटर विझला. अनेक घरगुती राऊटर कुणाला कोणता पत्ता दिला याची वही वीज गेली की विसरतात. संगणकाला मात्र काहीच झालेलं नसतं, तो आपला पत्ता आपलाच धरून चाललेला असतो. वीज परत येते आणि राऊटर तोच पत्ता भलत्याच फोनला देऊन टाकतो. पत्ता देण्याआधी तो रिकामा आहे का ते पडताळून बघावं असं प्रमाणपत्रक सांगतं, पण स्वस्तातली सगळी यंत्रं ते मन लावून करतात असं नाही. मग एका पत्त्यावर दोन यंत्रं येतात आणि दोघांचंही नेट येत-जात राहतं. राऊटरला इन्व्हर्टरवर किंवा छोट्या बॅटरीवर घेणं, हा यावर सगळ्यात स्वस्त इलाज आहे.

गर्दीचं गणित वेगळं. तारकर्लीला किंवा गुहागरला दहा खोल्यांचं होमस्टे आहे असं धरा. राऊटरमध्ये वाटायला १९२.१६८.१.१०० ते १४९ असे पन्नास पत्ते आणि मुदत चोवीस तास. आज तीस पाहुणे उतरले, तीस पत्ते गेले. उद्या सकाळी ते निघाले, पण निघताना फोन 'पत्ता परत घ्या' असं सहसा सांगत नाही. त्यामुळे राऊटरच्या वहीत ते पत्ते मुदत संपेपर्यंत अडकलेले राहतात. दुपारी नवे तीस पाहुणे आले की पहिल्या वीस जणांचं नेट लागतं आणि उरलेल्या दहांना पत्ताच मिळत नाही. मालकाला वाटतं रेंज कमी पडते, म्हणून तो आणखी एक राऊटर विकत आणतो. खरं तर मुदत दोन तासांवर आणून वाटायचे पत्ते २० ते २५० केले असते, तरी एका रुपयाचा खर्च आला नसता. गणपतीला चाकरमानी आले की मोठ्या घरांतही हेच होतं.

आणि तो दुसरा राऊटरच पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ ठरतो. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वायफाय पलीकडे नीट जात नाही, त्यामुळे ओटीवरचा राऊटर मागच्या पडवीपर्यंत पोचत नाही, हे खरंच आहे. म्हणून बाजारातून नवा राऊटर येतो, पहिल्यापासून तार ओढली जाते आणि ती नव्याच्या लॅन पोर्टात जाते. आता एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे झाले. फोन ओरडून विचारतो, ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता तो सहसा घेतो. एकाच बाकड्यावर बसलेल्या दोघांपैकी एकाचं नेट चालतं, दुसऱ्याचं नाही, आणि उद्या नेमकं उलटं होतं.

समजा जुन्या राऊटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि नव्याचा १९२.१६८.०.१. नेट न चालणाऱ्या फोनवर गेटवे १९२.१६८.०.१ दिसेल. नव्या राऊटरने स्वतःलाच गेटवे म्हणून सांगितलं, पण त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरच्या नेटची तार जिथे लागते तिथे, तार नाही, बाहेर जायला त्याच्याकडे रस्ताच नाही. इथे किमान आकडा तरी बोलतो. दोन्ही राऊटर कारखान्यातूनच १९२.१६८.१.१ घेऊन आले असतील, तर फोनवरचे सगळे आकडे बरोबर दिसतात आणि तरी नेट चालत नाही. कारण पाकीट गेटवेला देण्यासाठी यंत्राला त्याचा मॅक पत्ता लागतो, म्हणजे यंत्राच्या हार्डवेअरला दिलेला ४८ बिटांचा क्रमांक. तो मिळवायला ते पुन्हा सगळ्यांना विचारतं : १९२.१६८.१.१ कोण? दोघंही 'मी' म्हणतात.

हे उघडकीला आणायचा उपाय मला फार आवडतो, कारण तो डोळ्यांनी दिसतो. लॅपटॉपवर 'एआरपी' लिहून पुढे 'डॅश ए' द्या. गेटवेच्या ओळीत बारा अक्षर-आकड्यांचा मॅक पत्ता येतो. आता राऊटर उलटा करून तळाचं स्टिकर वाचा, तिथे त्याचा मॅक छापलेला असतो. पुष्कळदा शेवटचं एखादं अक्षर वेगळं निघतं, कारण एकाच राऊटरच्या वायफायला आणि लॅनला शेजारशेजारचे क्रमांक असतात. पण सुरुवातीची सहा अक्षरं, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची खूण, जुळली पाहिजेत. दोन्ही राऊटर वेगळ्या कंपन्यांचे असतील तर लॅपटॉप कुणाच्या दारात उभा आहे ते तिथल्या तिथे कळतं. 'आयपीकॉन्फिग'पुढे 'स्लॅश ऑल' दिलं तर डीएचसीपी सर्व्हर कोण होता तेही छापून येतं.

दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. नव्या राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल तर त्याचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि तार लॅन पोर्टातच राहू द्या. पत्ते वाटणारा एकच राहिला पाहिजे. १९२.१६८.१.२ हा पत्ता वाटायच्या यादीत येत नाही ना, तेवढं बघा.

हीच काळजी प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या डब्याची. आंब्याच्या हंगामात पेट्यांची लेबलं छापणारा प्रिंटर काल चालत होता आणि आज संगणकाला सापडत नाही, कारण रात्री वीज गेली आणि प्रिंटरला नवा पत्ता मिळाला. त्याच्यात हाताने पत्ता भरण्यापेक्षा राऊटरमध्येच त्याच्या मॅकसाठी एक पत्ता राखून ठेवावा. वाटप एकाच ठिकाणाहून होतं आणि पुढे कुणाशी टक्कर होत नाही.

पत्ता नीट आहे, गेटवे योग्य आहे, तरी अडलं असेल तर लॅपटॉपवरून गेटवेला 'पिंग' करा, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि पुढे त्याचा पत्ता लिहून तो उत्तर देतो का ते बघा. उत्तर आलं नाही तर घोटाळा घरातच आहे. आलं तर ८.८.८.८ला, म्हणजे बाहेरच्या जगातल्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग करा. तिथून उत्तर येतं पण संकेतस्थळ उघडत नाही, तर डीएनएस बघा. गेटवे बोलतो आणि ८.८.८.८ बोलत नाही, तर राऊटरच्या पानावर वॅनचा पत्ता वाचा. तिथे ०.०.०.० असेल तर खुद्द राऊटरलाच ऑपरेटरकडून पत्ता मिळालेला नाही. केबलवाल्याला हे एवढंच सांगितलं तरी खांबावर जायचं की घरी यायचं ते त्याला फोनवरच ठरवता येतं.

वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर त्यात बिघाड नाही. आयपीव्ही४चे, म्हणजे आपण इथे पाहिले तशा चार आकड्यांचे, जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्ये वाटून संपले, म्हणून ऑपरेटर अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक, म्हणजे बाहेरच्या जगाला दिसणारा, पत्ता देतात. रोजच्या वापरात याने काही अडत नाही. मात्र मुंबईत बसून गावच्या घराचा कॅमेरा थेट राऊटरच्या पत्त्यावर उघडायचा असेल तर तो उघडणार नाही, राऊटरच्या सेटिंगमध्ये बाहेरून आत येण्याच्या कितीही वाटा (पोर्ट) उघडल्या तरी. त्यासाठी ऑपरेटरकडून वेगळा सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालणारा कॅमेरा घ्यावा लागतो.