यांग मॉड्यूलांची आवृत्तीनोंद

राउटर, स्विच आदी उपकरणांची मांडणी व स्थिती वर्णिणाऱ्या ‘यांग’ (यट अनदर नेक्स्ट जनरेशन) या भाषेतील मॉड्यूलांचे, म्हणजे स्वतंत्र व्याख्यासंचांचे, बदल तारखेनिशी नोंदवण्याची पद्धत. यांगची पहिली संहिता आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेने आरएफसी (तिचा क्रमांकित दस्तऐवज) ६०२० म्हणून २०१० मध्ये प्रसिद्ध केली, १.१ ही आवृत्ती आरएफसी ७९५० मध्ये (२०१६) आली.

पद्धतीचे मूळ बहुधा एसएमआय-२ या उपकरण-व्यवस्थापनाच्या जुन्या वर्णनभाषेतील ‘रिव्हिजन’ (आवृत्ती) कलमात दाखवतात. आरएफसी १४४२ मध्ये (१९९३) ही तारीख सलग आकड्यांत, दोन आकडी वर्षाने लिहीत. आरएफसी २५७८ ने (१९९९) चार आकडी वर्षाची मुभा दिली. वर्ष-महिना-दिवस असे आडव्या रेघांनी तोडलेले रूप मात्र एसएमआयएनजी, म्हणजे ‘एसएमआय नेक्स्ट जनरेशन’, या पुढच्या भाषेत (आरएफसी ३७८०, २००४) आढळते, आणि यांगच्या नावातले ‘नेक्स्ट जनरेशन’ तिकडेच बोट दाखवते. तेव्हा कल्पना एसएमआय-२ ची व रूप एसएमआयएनजीचे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

प्रसिद्ध झालेल्या मॉड्यूलातील घटकाचे नाव बदलता येत नाही की तो काढता येत नाही. त्यावर ‘डेप्रिकेटेड’ (यापुढे टाळावा) किंवा ‘ऑब्सोलीट’ (कालबाह्य) असा शेरा मारतात. सातबारा पाहिलेल्याला हे नवे नाही : फेरफार मंजूर झाला तरी जुने नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. जिल्ह्यांना हा नियम नव्हता. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची नावे जळगाव व धुळे पडली, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार निघाला. त्यामुळे ‘जिल्हा पूर्व खानदेश’ असलेला दस्त वाचताना आधी त्याची तारीख पाहावी लागते. यांगमध्येही दुसरे मॉड्यूल आयात करताना तारीख दिली नाही, तर कोणती आवृत्ती घ्यायची हे अनिश्चित राहते. एका उपकरणाने एका मॉड्यूलाची एकच आवृत्ती राबवावी, असा १.१ चा दंडक आहे.

उपकरणाच्या जोडण्यांचे (इंटरफेस) वर्णन करणारे ‘आयईटीएफ-इंटरफेसेस’ हे मॉड्यूल याचे ठळक उदाहरण. २०१४ च्या आवृत्तीतील स्थितीदर्शक स्वतंत्र शाखा २०१८ मध्ये (आरएफसी ८३४३) डेप्रिकेटेड ठरली, पण मॉड्यूलात राहिली.

तारखेवरून नवे-जुने कळते, बदलाने जुनी प्रणाली मोडेल का ते कळत नाही. म्हणून ओपनकॉन्फिग या जाळेचालकांच्या गटाची मॉड्यूले तारखेसोबत टिंबांनी तोडलेल्या तीन भागांचा आवृत्तीक्रमांकही देतात. केवळ तारखेपेक्षा ही जोडी उपयुक्त दिसते. उपकरणात कोणती मॉड्यूले कोणत्या तारखेची आहेत, हे ‘यांग लायब्ररी’तून (आरएफसी ८५२५, २०१९) विचारता येते.