पावसाची काळजी करणं वेगळं, तयारी वेगळी

मे संपत आला की मुंबईत सगळीकडे हेच चालू होतं, नालेसफाई झाली का, यंदा हिंदमाता चौकात किती पाणी भरणार, गाड्या बंद पडल्या तर काय. काळजी आपण भरपूर करतो, पण तुमच्या घरात कोण काय करणार हे ठरलंय का असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर येतं, बघू तेव्हाचं तेव्हा. आणि मला खरी भीती याचीच वाटते, कारण ताण आला की मेंदूचा पुढचा भाग, जो नीट विचार करून निर्णय घेतो, तो ढिला पडतो आणि माणूस सवयीने वागायला लागतो. आपली सवय काय, तर कसंही करून घरी पोचायचं.

पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बराच अभ्यास केलाय. "मी काळजी घेईन" असं नुसतं म्हणण्यापेक्षा "अमुक झालं तर मी तमुक करणार" असं आधीच ठरवून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते, २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले तेव्हाही हेच दिसलं. खूण दिसली की कृती आपोआप आठवते, ऐनवेळी डोकं खाजवत बसावं लागत नाही.

पण खूण पक्की पाहिजे. "जोराचा पाऊस आला तर" हे काही कामाचं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला १०० पण नाही, मग कुलाब्याजवळ फोर्टात ऑफिसात बसलेल्याला खिडकीतून काय कळणार कुर्ल्यात काय झालंय? त्यापेक्षा हवामान खात्याचा रेड अलर्ट धरा, म्हणजे दिवसात २०४.४ मिमीपेक्षा जास्त पावसाचा अंदाज, आणि सोबत भरतीची वेळ बघा. शहरातली जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, तेही ओहोटी असताना, मोठ्या भरतीला समुद्र पाणी घेतच नाही. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आज दुपारी एकला असेल तर चार दिवसांनी साडेचारच्या आसपास, म्हणजे नेमकी ऑफिसं सुटायच्या आधी.

मग घरात बसून बोलून ठेवा. रेड अलर्ट आला आणि भरती संध्याकाळची असेल तर बाबा ऑफिसातच थांबणार, मुलांना शाळेतून शेजारच्या काकू आणणार, फोन लागला नाही तरी हेच. तळमजल्यावर राहत असाल तर पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मेन स्विच बंद, आणि तो कोण बंद करणार हे नावानिशी ठरवा. पालिकेचा १९१६ नंबर आजीच्या साध्या फोनमध्येही सेव्ह करा. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर ताप यायची वाट बघू नका, लेप्टो म्हणजे अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, त्यावरच्या प्रतिबंधक गोळ्या २४ ते ७२ तासांत घ्यायच्या असतात, त्याही डॉक्टरला विचारूनच.