धक्का जातो कुठे?

जुनी गाडी खड्ड्यात आपटली की नंतरही हेलकावत राहते, ब्रेक मारला की नाक खाली घालते. मग 'स्प्रिंगा बसल्या' असं सर्रास म्हटलं जातं. पण पुष्कळदा स्प्रिंग ठणठणीत असते. थकलेला असतो तो तिच्या मधोमध उभा असलेला स्ट्रट, म्हणजे धक्का जिरवणारं तेलाचं नळकांडं.

स्प्रिंग धक्का संपवत नाही, नुसता साठवते. दाबली की ती उसळणारच. ती उसळी मोडतं स्ट्रटमधलं तेल. नळकांड्यातला दट्ट्या वरखाली होताना तेलाला झडपांच्या बारीक वाटांतून रेटतो आणि चाकाच्या हालचालीची ऊर्जा उष्णता बनून बाहेर पडते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा स्ट्रट हाताला गरम लागतो तो यामुळेच. सील झिजून तेल गळालं किंवा झडपा ढिल्या पडल्या, की ही ऊर्जा जिरत नाही.

गाडीचं धूड सेकंदाला साधारण एक-दीड वेळा हेलकावतं, चाक मात्र दहा-पंधरा वेळा थरथरतं. मला जास्त धोक्याची वाटते ती ही थरथर, कारण तिच्यात टायरची रस्त्यावरची पकड सुटत राहते आणि पकडच नसेल तर ब्रेक दाबून उपयोग काय? बॉनेट दाबून सोडायच्या चाचणीत फक्त पार मेलेला स्ट्रट कळतो. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवावा. जागोजागी खोलगट चट्टे लागले आणि स्ट्रटवर तेलाचा ओघळ दिसला, तर तो बदलायचा. बदलताना डावा-उजवा जोडीनेच.

घरी हे काम जमण्यासारखं आहे, पण स्प्रिंगची ताकद आधी समजून घ्या. समजा, एका कोपऱ्यावर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २० न्यूटन लागतात. म्हणजे ती १५ सेंटिमीटर दबलेली असते आणि तिच्यात सुमारे २२५ ज्यूल ऊर्जा असते. ताशी ७५ किलोमीटरने सुटलेल्या एक किलोच्या लोखंडी गोळ्यात एवढीच ऊर्जा असते! गाडी उचलून चाक लोंबतं केलं तरी स्प्रिंग पूर्ण मोकळी होत नाही. वरचा मधला नट तिला दाबून धरतो. म्हणून स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये (स्प्रिंग दाबून धरायच्या अवजारात) आवळून दोन्ही टोकांना सैल झाल्याशिवाय त्या नटाला पाना लावायचाच नाही. कॉम्प्रेसरचे हूक समोरासमोर बसवून दोन्हीकडे आळीपाळीने थोडं थोडं आवळायचं. स्प्रिंगसकट जोडलेला तयार स्ट्रट मिळत असेल तर माझं मत सरळ आहे: तोच घ्या.

बाकीचं काम सरळ आहे. गाडी भक्कम स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर कधीच नाही. चाक काढा, ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर स्ट्रटपासून सोडवा. खालचे बोल्ट काढल्यावर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, बाहेर कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवा, नाहीतर सगळा भार ब्रेकच्या नळीवर येतो. स्ट्रटला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे वरचे नट (तो मधला नव्हे) शेवटी सोडायचे, तेही स्ट्रट एका हाताने पेलून.

अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांनी १९४०च्या दशकात ही रचना केली, तेव्हा चाकाचा वरचा आधारही स्ट्रटवरच सोपवला. त्यामुळे स्ट्रट किंचित हलला तरी चाकाचा कल बदलतो. खालचे दोन बोल्ट एकमेकांपासून सहा सेंटिमीटरवर असतील, तर भोकातली एक मिलिमीटरची ढीलसुद्धा कल जवळजवळ एक अंशाने बदलते. म्हणून काढण्याआधी बोल्टांची जागा खुणेने आखून ठेवा आणि काम झालं की अलाइनमेंट करून घ्या. नाहीतर नवा टायर एका कडेने झिजू लागतो.