पहिल्या वेळी दुखायलाच हवं, असं कोणी सांगितलं?

मामेबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ती मेंदीचे दोन्ही हात हवेत धरून माझ्याजवळ सरकली आणि कानाशी येऊन म्हणाली, ताई, पहिल्या वेळी खूप दुखतं का गं? एमएस्सी झालेली मुलगी, आणि माहिती कुठली तर हॉस्टेलच्या रूममेटने सांगितलेली. मी बारावीला बायोलॉजी शिकवते, तरी आधी मीही आत्या ऐकत नाहीये ना ते बघून घेतलं.

तर पहिल्या संबंधांच्या वेळी थोडं ताणल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटू शकतं, पण खूप दुखलंच पाहिजे असं काही नाही. दुखतं ते बहुतेक वेळा कोरडेपणामुळे नाहीतर आवळलेल्या स्नायूंमुळे, आणि दोष जातो बिचाऱ्या योनीपटलाला. तो काही सीलबंद पडदा नसतो, योनीच्या तोंडाशी असलेली लवचिक घडी असते आणि तिच्यात मुळातच मोकळी जागा असते, नाहीतर दर महिन्याला पाळी बाहेर आली असती कुठून? काहींना थोडं रक्त येतं, बऱ्याच जणींना अजिबात येत नाही. आपल्याकडे कंजारभाट समाजातल्या तरुणांनी पहिल्या रात्रीच्या चादरीवर रक्ताचा डाग बघून मुलीचं कौमार्य ठरवायच्या प्रथेविरुद्ध २०१८ च्या सुमारास उघड बंड केलं, आणि कौमार्य चाचणीला शास्त्रीय आधार नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याच वर्षी सांगितलं, तरी हा प्रश्न अजून मेंदीच्या हातांनी विचारला जातो.

स्नायूंचं म्हणाल तर इंजेक्शनच्या वेळी आपण दंड कडक केला की नर्स ओरडते ना, हात सैल सोडा म्हणून, अगदी तसंच. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, भीती वाटली की ती आपोआप आवळते, आवळल्यावर दुखतं, दुखल्यावर पुढच्या वेळी भीती अजून वाढते. लघवी अडवताना जे स्नायू ओढतो तेच हे, ते ओळखून आवळायचे आणि श्वास सोडताना सावकाश ढिले करायचे, याची सवय लग्नाआधीच केली तर उपयोग होतो (सोडणं जास्त महत्त्वाचं, आवळणं सगळ्यांना येतंच).

कोरडेपणाचं कारण घाई. मन रमलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो, योनीच्या भिंतींतून ओलावा पाझरतो, आतला भाग लांब आणि रुंद होतो, पण याला वेळ लागतो आणि दिवसभर शालू, हार, होमाचा धूर आणि शंभर पाहुण्यांच्या पाया पडून झाल्यावर तर जास्तच. बहिणीने नंतर सांगितलं, पहिल्या रात्री नवरा तासभर तिच्या अंबाड्यातल्या पिना काढत बसला होता, एकेचाळीस निघाल्या, आणि मग दोघं झोपून गेले. मला तर हे फार आवडलं. आज नको म्हणता येणं आणि समोरच्याने ते मुकाट ऐकणं, यापेक्षा चांगलं स्नायू ढिले करणारं औषध मला तरी माहीत नाही. पुढेसुद्धा आधी नुसती जवळीक, मग हळूहळू, वेग तिच्या हातात, दुखलं की थांबायचं.

मेडिकलमधून पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट (ओलाव्यासाठी लावायचं जेल) आणून ठेवा, लाजायचं काय त्यात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लेटेक्सच्या कंडोमबरोबर नको, कंडोम कमकुवत होऊन फाटतो. सुगंधी वॉशही नको, योनी स्वतःला आतून स्वच्छ ठेवते, बाहेरून साधं पाणी पुरतं.

अजून एक गोष्ट जी नवऱ्या मुलींना कोणी सांगत नाही. लग्न, सत्यनारायण, जेजुरी यात पाळी येऊ नये म्हणून जी पुढे ढकलायची गोळी घेतात ती गर्भनिरोधक म्हणून धरू नका, आणि तीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. नेहमीची गर्भनिरोधक गोळी पाळीच्या पहिल्या ५ दिवसांत सुरू केली नसेल तर पहिले ७ दिवस कंडोम लागतोच.

संबंधांनंतर लघवीला जाऊन या. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटीमीटरची, जंतू पटकन वर चढतात, म्हणून नव्या लग्नानंतर लघवीला जळजळ हा प्रकार इतका दिसतो. जळजळ झाली तर अंगावर काढू नका. आणि आठवडे उलटले तरी आत काही जाऊच देत नाही इतके स्नायू आवळत असतील तर त्याला व्हजायनिस्मस म्हणतात, गायनॅककडे जा, व्यायाम आणि फिजिओथेरपीने तो बहुतेकींचा बरा होतो, आणि जाताना नवऱ्यालाही घेऊन जा, बाहेर बाकावर नाही, आत.