आधी माल गेला, मग तोटा आला: बडोद्याच्या छोट्या लायनींची पार्श्वभूमी

बडोद्यात छोट्या लायनींचा, म्हणजे जुन्या नॅरोगेज रेल्वेचा, विषय निघाला की बोलणं दोनच वाटांनी जातं. एकतर चांदोदला जाताना खिडकीबाहेर हात काढला की बाभळीचा काटा लागायचा अशा आठवणी, नाहीतर "तोट्यात होती, बंद केली, बरं झालं". दोन्हीत एक साधी गोष्ट सुटते, ती म्हणजे ह्या लायनी मुळात माणसांसाठी टाकलेल्याच नव्हत्या, त्या मालासाठी होत्या, आणि तोटा मोजायला घेतला त्याच्या आधीच त्यांच्यावरचा माल गेलेला होता. पुढे ह्यांचं काय करायचं हे ठरवताना हा क्रम डोळ्यासमोर पाहिजे, म्हणून लिहितोय.

जुनं थोडक्यात. मुंबईकडची मेन लाईन १८६१ मध्ये बडोद्याला पोचली आणि पुढच्याच वर्षी, १८६२ ला, गायकवाड सरकारने डभोई ते मियागाम स्वतःची लाईन टाकली, दोन रुळांमधलं अंतर (गेज) अडीच फूट, देशातली पहिली नॅरोगेज. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपला कानम म्हणजे काळ्या जमिनीचा, कापसाचाच मुलूख. रूळ इतके हलके होते, यार्डाला १३ पौंड, म्हणजे मीटरला साधारण साडेसहा किलो (आत्ता मेन लाईनला ६० किलोचा रूळ असतो), की इंजिन झेपेना, म्हणून बैल जुंपले. इंजिन नीट चालायला लागलं ते १८७३ मध्ये, जड रूळ टाकल्यावर. बैलांनी ओढलेली रेल्वे म्हणून आपण हे कौतुकाने सांगतो, सांगावंच, पण मला त्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की कमीत कमी खर्चात जिनमधला (सरकी काढायच्या कारखान्यातला) कापूस मेन लाईनच्या तोंडाशी नेऊन द्यायचा, एवढंच त्या लाईनचं काम होतं. तिने स्वतः नफा कमवावा अशी तिची घडणच नव्हती. नाल्याने नदीला पाणी द्यावं तसं ते होतं.

मग डभोईतून चहूबाजूंना फाटे फुटले, बोडेली, चांदोद, समलाया, आणि डभोई नॅरोगेजचं आशियातलं सगळ्यात मोठं जंक्शन म्हणून ओळखलं जाऊ लागलं. खाली नवसारी प्रांतात बिलिमोरा-वघई लाईन डांगच्या सागवानासाठी गेली. गोयागेटला वर्कशॉप झालं, आणि प्रतापनगर भागात आजही अशी मराठी घरं सापडतील ज्यांच्या दोन पिढ्या त्या भोंग्यावर उठल्या. १९४९ ला संस्थान विलीन झालं, लायनीही भारतीय रेल्वेकडे गेल्या, १९५१ ला पश्चिम रेल्वे हा नवीन झोन झाला. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

स्वातंत्र्यानंतर ट्रक आले हे कारण नेहमी सांगतात आणि ते खरंच आहे, पण अर्धंच. दुसरं अर्धं गेजमध्ये आहे. छोट्या वॅगनमधून आलेला माल मियागामला किंवा विश्वामित्रीला उतरवायचा आणि हमालांच्या डोक्यावरून मोठ्या वॅगनमध्ये चढवायचा, म्हणजे वेळ, मजुरी, फुटतूट, चोरी, सगळं व्यापाऱ्याच्या अंगावर. ट्रक जिनच्या दारात यायचा आणि गिरणीच्या दारातच थांबायचा. तरीही थोडाफार माल टिकून होता, कारण तेव्हा रेल्वे एक-दोन वॅगन माल घ्यायची, पाच-पंचवीस गाठीसुद्धा पार्सलसारख्या घ्यायची. १९८० नंतर धोरण बदललं, सुट्या वॅगन जोडत-तोडत यार्डायार्डातून फिरवणं बंद आणि पूर्ण गाडी, म्हणजे अख्खी रेक, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. बंद डब्यांची एक रेक म्हणजे ४० च्या वर वॅगन, अडीच हजार टनांच्या घरातला माल, आणि ती उभी करायला सहा-सातशे मीटरची साईडिंग, म्हणजे माल चढवायचा बाजूचा रूळ. मोठ्या लायनींसाठी हे धोरण बरोबरच होतं, कोळसा आणि सिमेंट त्याशिवाय हललं नसतं. पण छोट्या शाखांच्या टोकाला असलेल्या मालसरच्या किंवा मोटी कोरलच्या व्यापाऱ्याकडे अडीच हजार टन एका दिवसात कुठून येणार? त्याला रेल्वेने नाही म्हटलं नाही, फक्त त्याला जमणार नाही एवढी मोठी ऑर्डर मागितली.

माल गेला की लाईनीवर उरतात प्रवासी, आणि प्रवासी भाड्यातून रेल्वेचा एकूण खर्च भरून निघत नाही. म्हणजे ज्या घटकात तोटा ठरलेलाच आहे तेवढाच शिल्लक ठेवायचा आणि मग वही उघडायची.

आता तो शब्द, "अनइकॉनॉमिक ब्रँच लाईन". १९६९ मध्ये देशभरातल्या अशा शाखा तपासायला समिती बसली तेव्हापासून हा शब्द फायलीत पक्का झाला आणि त्याच्यावरच पुढचे सगळे निर्णय उभे आहेत, त्यामुळे तो नीट सोडवून बघायला पाहिजे. साधा हिशोब असा की लाईनचं उत्पन्न एका बाजूला, चालवायचा खर्च दुसऱ्या बाजूला, खर्च जास्त तर लाईन तोट्याची. ऐकायला बरोबर वाटतं. पण डभोईहून मुंबईला जाणारी कापसाची गाठ घ्या. ती ३३ किलोमीटर छोट्या लाईनवर जाते आणि मग साडेतीनशेच्या वर किलोमीटर मेन लाईनवर. भाडं अंतराच्या प्रमाणात वाटलं तर रुपयातले आठ-नऊ पैसे डभोईच्या शाखेला आणि बाकी सगळे मेन लाईनला. पण फाटा नसता तर ती गाठ मेन लाईनवर आलीच नसती, ट्रकने थेट गेली असती! म्हणजे फाट्याने आणून दिलेली कमाई मेन लाईनच्या खात्यात आणि फाट्याच्या खात्यात फक्त रूळ, फाटकं, स्टेशनमास्तर, गँगमन. घरात जो माणूस बाजारातून सगळं सामान आणून देतो त्याच्या नावावर फक्त चपला झिजल्याचा खर्च लिहावा तसं हे आहे. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही सांगतो, ते उगीच नाही. फीडरचा, म्हणजे मेन लाईनला माल आणून देणाऱ्या शाखेचा, वाटा धरायचा म्हटलं तर तो किती धरायचा ह्याला अंत नाही, प्रत्येक शाखा म्हणणार आमच्यामुळेच मेन लाईन चालते. आणि राज्य सरकारांना लाईन बंद करायला नको असायची पण तोट्यात वाटा उचला म्हटलं की तेही नको, मग वर्षानुवर्षं ना बंद ना सुधारणा, रूळ तेच, वेग कमी कमी होत सायकलवाला बाजूने जाईल इतका. अशा गाडीत कोण बसेल? म्हणजे तोटा वाढला. म्हणजे शब्द आणखी पक्का झाला.

ह्या पार्श्वभूमीवर २०१८ आणि २०२० चे दोन निर्णय शेजारी ठेवून वाचा.

२०१८ मध्ये दिल्लीत ठरलं की गुजरातमधल्या पाच नॅरोगेज लायनी हेरिटेज म्हणून राखायच्या: डभोई-मियागाम ३३ किलोमीटर, मियागाम-मालसर ३८, चोरंदा-मोटी कोरल १९, प्रतापनगर-जंबुसर ५१ आणि बिलिमोरा-वघई ६३, मिळून २०४ किलोमीटर. बडोद्यात आनंद झाला, मलाही झाला, खोटं कशाला बोलू. पण हेरिटेज म्हणजे गेज बदलायचं नाही. गेज बदलायचं नाही म्हणजे देशाच्या बाकी रुळांशी ती लाईन कधी जुळणार नाही, वॅगन आत येणार नाही, बाहेर जाणार नाही, म्हणजे मालाचं दार त्या दिवशी कायमचं लागलं. हे त्या वेळी कोणी मोठ्याने म्हटलं नाही. हेरिटेजवाले खूश, मालाच्या बाजूने बोलायला माणूसच नव्हता, कारण माल जाऊन इतकी वर्षं झाली की त्या लायनींना मालगाडीच्या लायनी म्हणून ओळखणारी पिढीच बाजूला झालेली.

मग कोविड. मार्च २०२० मध्ये सगळ्यांबरोबर ह्या गाड्याही थांबल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये पत्र आलं की गुजरातमधल्या ११ शाखा अनइकॉनॉमिक म्हणून कायमच्या बंद. त्या यादीत बिलिमोरा-वघई आहे, मालसर आहे, मोटी कोरल आहे. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जी लाईन देशाचा वारसा म्हणून राखायची ठरली तीच आता तोट्यामुळे बंद! वारसा कधी नफ्यात असतो का हा पहिला प्रश्न, आणि दुसरा प्रश्न ह्याच्यापेक्षा मोठा: हेरिटेज म्हणून माल बंद करायचा आणि मग उत्पन्न नाही म्हणून हेरिटेजही बंद करायचं, ह्यात लाईनने जगायचं कसं? प्रशासनाची बाजू एवढीच की ठेवणं आणि चालवणं ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, रूळ राखता येतात आणि गाडी बंद ठेवता येते. कागदावर हे बसतं. जमिनीवर बसत नाही, कारण गाडी न फिरलेल्या रुळावर पहिल्या पावसाळ्यात गवत येतं आणि दुसऱ्या वर्षी फिशप्लेट (रूळ जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या) जातात. डांगच्या लोकांनी, तिथल्या पुढाऱ्यांनी आवाज केला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये वघईची गाडी परत सुरू झाली, एक एसी डबाही लागला, सहलीला चांगली आहे. आपल्या बाजूच्या मालसर-मोटी कोरलसाठी तेवढा आवाज झाला नाही. धबधबा नाही, जंगल नाही, नुसती कापसाची आणि केळीची शेतं, पर्यटकांना दाखवायला काय?

"बंद" ह्या शब्दाचाही गोंधळ आहे. गाडी स्थगित, लाईन बंद आणि रूळ उखडणं ह्या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि आपण तिन्हीला बंदच म्हणतो. पहिल्या दोन पायऱ्यांवरून परत येता येतं. तिसरीनंतर ती सलग पट्टी राहत नाही, कुठे रस्ता होतो, कुठे टपऱ्या, कुठे शेजारचं शेत पुढे सरकतं, आणि तेवढी सलग जमीन परत विकत घ्यायची म्हटलं तर आजच्या भावाने कोणाच्याच खिशात पैसे नाहीत. म्हणून मी म्हणतो की लाईनमधली सगळ्यात महाग गोष्ट लोखंड नव्हे, तिच्याखालची जमीन.

ज्या छोट्या लायनी जगल्या त्या कशावर जगल्या हे बघितलं की चित्र साफ होतं. भरूच-दहेज, ६२ किलोमीटर, हीसुद्धा नॅरोगेजच होती, सुस्त, कोणी विचारत नव्हतं. दहेजला बंदर आलं, खास वेगळी कंपनी काढून लाईन रुंद केली आणि २०१२ पासून तिथे कोळशाच्या गाड्या धावतायत. प्रतापनगर-छोटा उदेपूर रुंद झाली, आता मध्यप्रदेशात अलिराजपूरच्या बाजूला शिरलीये आणि धारपर्यंत जायची आहे (इंदूरच्या नातेवाइकांकडे थेट गाडीने जाण्याची वाट आमच्या घरात २००८ पासून बघतायत). डभोई-चांदोद रुंद होऊन २०२१ च्या जानेवारीत केवडियापर्यंत पोचली, ती सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी, प्रवाशांसाठी, हा अपवाद. उलटं उदाहरणही आहे, अंकलेश्वर-राजपीपळा. पैसे घालून रुंद केली आणि तरी तिचं नाव २०२० च्या बंदच्या गोष्टीत ऐकू आलं. म्हणजे नुसतं गेज बदलून होत नाही, दोन टोकांना माल पाहिजे.

आणि इथेच मला प्रतापनगर-जंबुसरचं वाईट वाटतं. ५१ किलोमीटर. ती ज्या पादऱ्यातून जाते तिथे आज केमिकलचे कारखाने ओळीने उभे आहेत, जंबुसरला औषधांच्या कच्च्या मालाचं मोठं पार्क होतंय, जंबुसर ते सामनी रुंदीकरणाचं काम मंजूर आहे, आणि सामनीला दहेजची रुंद लाईन मिळते. नकाशावर बोट ठेवून बघा, जंबुसरपासून बंदरापर्यंत रुंद होणार, प्रतापनगरपासून पुढे देशभर रुंद, मकरपुऱ्याला मालगाड्यांचा नवा कॉरिडॉर आलाय, आणि मधले हे ५१ किलोमीटर एका यादीत वारसा आणि दुसऱ्या चर्चेत तोटा. सगळा माल पादऱ्याच्या रस्त्यावर टँकरमधून. जुलै २०२५ मध्ये पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल पडला, ट्रक-टँकरसकट माणसं नदीत गेली. त्या पुलाचा ह्या लाईनशी थेट संबंध नाही, दिशाच वेगळी आहे, पण ह्या भागातले रस्ते कोणतं ओझं उचलतायत हे त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं.

अडीच हजार टनांची अडचणही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. २० वॅगनची मिनी रेक रेल्वे घेते. डिसेंबर २०२१ पासून खाजगी माणसाला स्वतःच्या जागेवर किंवा रेल्वेच्या जागेवर माल चढवायचं टर्मिनल काढायची सोपी वाट झाली आहे. कंटेनर तर गेज सोडून बाकी काही विचारतच नाही. म्हणजे १९८० नंतर ज्या कारणांनी छोट्या लाईनचा माल गेला त्यातली बरीचशी कारणं उरलेली नाहीत, आणि त्याच वेळी लाईन मात्र जुन्या कारणांवर बंद आहे. लालबागच्या प्रताप विलास पॅलेसमध्ये आता वाहतूक शिकवणारं केंद्रीय विद्यापीठ आहे, तिथून प्रतापनगरचं नॅरोगेज यार्ड हाकेच्या अंतरावर. त्या पोरांना अभ्यासाला ह्याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

हेरिटेजचं काय, असं विचारणाऱ्यांना माझं म्हणणं असं की वारसा राखायचा तर डभोई-मियागामचे ३३ किलोमीटर राखा, तिथे १८६२ चा इतिहास आहे, त्यावर वाफेचं इंजिन चालवा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. जंबुसरची लाईन त्याच यादीत का घातली ह्याचं कारण मला कुठल्याच कागदात वाचायला मिळालेलं नाही. तिला यादीतून काढून मालासाठी रुंद करायची का, हा निर्णय रूळ जागेवर आहेत तोवरच घेता येणारा आहे.